सल्लागाराची बायको

नवरा काय करतो, हा प्रश्न आपल्याकडे बाईला जन्मभर विचारला जातो आणि त्याचं उत्तर एका शब्दात आलं नाही तर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. बँकेत आहेत, शिक्षक आहेत, दुकान आहे, शेती आहे. यातलं एखादं सांगितलं की समोरची बाई "हं" म्हणून मुलांच्या चौकशीकडे वळते. माझं तसं होत नाही. मी म्हणते, "सल्लागार आहेत." ती जरा थांबते. "म्हणजे वकील?" नाही. "मग ते लग्नं जुळवतात तसलं काही?" तेही नाही. "म्हणजे घरीच असतात?" या तिसऱ्या प्रश्नात जी कणव भरलेली असते ती ऐकल्याशिवाय कळायची नाही. सासूबाई तर पहिली दोन वर्षं देवळात भेटणाऱ्यांना ह्यांच्या जुन्या कारखान्याचंच नाव सांगत होत्या. मी कधी त्यांना टोकलं नाही. पगारी नोकरी सोडून घरी टेबल टाकून बसलेला मुलगा समजावून सांगायचा, हे त्या पिढीला अवघडच.

ह्यांचा व्यवसाय सांगायचा तर हे कारखान्यांत जाऊन वीज आणि इंधन कुठे वाया जातं ते शोधतात. 'एनर्जी ऑडिटर' असं पाटीवर लिहिलेलं आहे. २००१ साली आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि २००२ पासून त्याचं काम बघणारा ब्यूरो दिल्लीत आहे. फ्रीजवर आणि एसीवर ताऱ्यांचं लेबल चिकटवलेलं असतं ना, ते या ब्यूरोचं. त्यांचीच परीक्षा द्यावी लागते, चार पेपरांची. ह्यांनी ती नोकरीत असतानाच दिली. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसला, की मी पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायची आणि हे उत्तरं द्यायचे. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर यांतला फरक मला लग्नाआधी कुणी विचारला असता तर मी दोन्ही शब्द एकदम विसरले असते. पण चार महिने रोज प्रश्न विचारून विचारून मलाच बरंच येऊ लागलं. 'पॉवर फॅक्टर' म्हणजे काय, हे ह्यांना धड सांगता येईना. तेव्हा मीच म्हटलं, दूधवाला माप भरून देतो तेव्हा वर फेस असतो, खाली दूध. पैसे मापाचे जातात, चहाला दूधच कामाला येतं. फेस जितका कमी तितकं बरं. हे खूष झाले. आजही गिरण्यांतल्या लोकांना हे तोच दाखला देतात. माझं नाव घेतात की नाही ते विचारलेलं नाही.

या कामात एक गंमत आहे. बाहेरून पाहिलं तर मोठी यंत्रं, मीटर, आकडे. आत शिरलं तर सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच. सूतगिरणीत दाबलेल्या हवेचे नळ सगळीकडे फिरवलेले असतात. त्याला तीन मिलिमीटरचं, म्हणजे मसुराच्या दाण्याहूनही बारीक भोक पडलं, तरी तेवढ्यानं तीन किलोवॉट वीज सतत हवेत जाते. चोवीस तास गिरणी चालली तर दिवसाला ७२ युनिट. आमच्या घराला तेवढी वीज पंधरा दिवस पुरते. आणि भोक शोधायचं कसं? साबणाच्या पाण्याचा फेस लावून! गॅसची नळी बदलली की मी जे करते तेच. वाफेच्या उघड्या नळांना कापसाच्या गादीसारखं वेष्टण घालायचं, म्हणजे पोळ्यांचा डबा फडक्यात गुंडाळून ठेवायचा. पहिल्यांदा हे सगळं ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "यासाठी ते तुम्हाला पैसे देतात?" हे म्हणाले, "यासाठी नाही देत. कुठे बघायचं ते सांगितल्याबद्दल देतात."

पण कुठे बघायचं हे ह्यांना तरी कोण सांगतं? एकदा एका प्रोसेस हाऊसचं काम होतं. तिथे कापड रंगवतात, त्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर. बॉयलरवरच्या फायरमननं ह्यांना पहिल्याच दिवशी बाजूला नेऊन सांगितलं, "साहेब, त्या मागच्या नळाचा व्हॉल्व्ह बसतच नाही. मी चार वर्षं सांगतोय." ह्यांनी मोजमाप केलं तर खरंच तिथून सगळ्यात जास्त वाफ जात होती. अहवालात ते पहिल्या क्रमांकावर लिहिलं गेलं आणि आठ दिवसांत व्हॉल्व्ह बदलला. चार वर्षांत जे झालं नाही ते आठ दिवसांत झालं, कारण आता ते छापील कागदावर आलं होतं आणि त्या कागदाची फी भरली गेली होती. हे घरी येऊन ही हकीगत सांगत होते, हसत होते. मला काही हसू आलं नाही. मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "त्या माणसाचं नाव अहवालात घातलंत का?" हे गप्प झाले. त्यानंतरच्या प्रत्येक अहवालात 'माहिती देणारे' असं एक सदर असतं आणि त्यात फायरमन, फिटर, वायरमन सगळ्यांची नावं असतात. मालकांना ते फारसं आवडत नाही असं दिसतं, पण अजून कुणी काढायला सांगितलेलं नाही.

तर अशी ही सल्ल्याची कमाई. तिचा स्वभाव पगारासारखा नसतो. पगार पहिल्या तारखेला येतो, कमी असला तरी येतो. फी कधी येईल याचा नेम नाही. काम झालं, अहवाल दिला, बिल पाठवलं, की वाट बघायची. आली की तिच्यातून दहा टक्के आधीच कर म्हणून कापलेले असतात. चाळीस हजारांचं बिल असलं तर हातात छत्तीस येतात. उरलेले चार सरकारजमा, वर्षअखेरीला हिशेब झाला की परत मिळतील तेव्हा मिळतील. लहान सल्लागारांसाठी कायद्यात एक सोय मात्र चांगली आहे. वह्या-पावत्यांचा पसारा नको असेल तर वर्षाच्या फीतली निदान अर्धी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, बाकीचा खर्च झाला असं सरकार मानून घेतं. मला हे कळलं तेव्हा मी विचारलं, "त्या खर्चात दिवसाचे सहा चहा धरलेत का?" हे म्हणाले, सगळं धरलंय. म्हणजे सरकारदरबारी माझा चहा पोचला, घरच्या हिशेबात अजून यायचा होता.

पाहुण्यांना वाटतं तसं हे 'घरीच' असतात ते महिन्यातले निम्मे दिवस. बाकी इचलकरंजी, सोलापूर, कधी नागपूरपर्यंत. घरी असले की पुढच्या खोलीत टेबल आणि त्या खोलीचं दार बंद. मुलांनी हळू बोलायचं, टीव्ही बारीक, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा शक्य तो दार बंद करून. कारण हे 'वाचतायत'. हे वाचतात तेव्हा ते काम असतं. मासिकं, नियमावल्या, यंत्रांची माहितीपत्रकं, सगळं कामाचं. मी वाचते तेव्हा ती फुरसत असते. माझ्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवायला मला जे वाचावं लागतं तेही या घराच्या लेखी फुरसतच. मी कुणाला दोष देत नाही, मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पुस्तक उघडलं आणि कुणी हाक मारली की मी बोट घालून ते मिटायची. अशा बोट घालून मिटलेल्या पुस्तकांवर माझे हळदीचे ठसे आहेत. नगर वाचनालयाच्या पुस्तकांवर नाहीत, तिथे मी हात धुऊन वाचते.

आमच्या सांगलीच्या त्या वाचनालयाचं नाव काढलं की २०१९ चा महापूर आठवतो. कृष्णेचं पाणी आत शिरलं आणि कितीतरी पुस्तकं भिजून लगदा झाली. पाणी ओसरल्यावर गावातली माणसं तिथे जाऊन उभी राहत, घरातलं कुणी गेल्यासारखी. कपाटं, गाद्या, धान्य सगळ्यांचंच गेलं होतं. तरी पुस्तकांकडे बघून एक म्हाताऱ्या बाई रडत होत्या. "दुपारी दोन तास इथं यायचे हो, घरात कुणी वाचू देत नव्हतं." मला त्या बाईंचं तेव्हा फार नवल वाटलं नाही. काशीबाई कानिटकरांचं आयुष्य मी नववीच्या मुलींना अधूनमधून सांगते. १८६१ सालचा त्यांचा जन्म. सासरी घरच्या माणसांच्या नजरा चुकवून त्या वाचायला शिकल्या आणि पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. मुली विचारतात, "वाचलं तर काय झालं असतं, बाई?" काय सांगायचं! आता आपल्याला कुणी अडवत नाही. फक्त अर्ध्या पानावर हाक येते.

याच संदर्भात एक गोष्ट मी ह्यांना अभिमानानं सांगितली. आमच्याच जिल्ह्यात कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर, चरक, पंप तयार करणारं गाव. कारखान्याच्या त्याच आवारात शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं आणि १९३० साली 'स्त्री' मासिक. जिथे लोखंड ओतलं जात होतं तिथूनच बायकांना वाचायला मासिक मिळत होतं! यंत्र आणि वाचन हे दोन्ही एका आवारात सुखानं नांदलं. मग आमच्या एवढ्याशा घरात एकाला टेबल आणि दुसरीला ओट्याचा कोपरा, असं का, हा माझा प्रश्न होता. ह्यांनी तो ऐकला. "खरंय," म्हणाले आणि दार बंद करून वाचायला बसले.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत ह्यांच्या हाती काम नव्हतं. कारखाने बंद. तेव्हा ह्यांनी आमच्या घराचंच ऑडिट करायचं ठरवलं. मीटर घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडले. थोरल्याला सहायक केलं. दोन दिवस मी कुठलंही बटण दाबलं की कुणीतरी वहीत लिहून घेत होतं. शेवटी चार पानांचा अहवाल झाला. त्यातलं काही खरोखरच उपयोगाचं निघालं, म्हणून इथे सांगते. कुकरची शिट्टी झाली की गॅस लगेच बारीक करावा. आत वाफेचा दाब एकदा धरला की ज्योत मोठी ठेवून आतली उष्णता आणखी वाढत नाही, फक्त शिट्ट्या वाढतात. डाळ, हरभरे आधी भिजवावेत, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं, त्यात नवल नाही. पातेल्यावर झाकण ठेवावं. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो, नवे बीएलडीसी पंखे ३० च्या आसपास वीज घेतात. जिथे पंखा दिवसरात्र फिरतो त्या खोलीतला आधी बदलावा. सासूबाईंच्या खोलीतला आम्ही बदलला. त्यांची तक्रार एकच, की तो 'रिमोटवाला' आहे आणि रिमोट नेमका उशीखाली जातो.

आणि शिफारस क्रमांक तीन होती : फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, म्हणजे मागची उष्णता बाहेर जाईल आणि वीज वाचेल.

मी अहवाल हातात धरून तशीच उभी राहिले. मागची जाळी झाडता येत नाही, झुरळं होतात, फ्रीज थोडा पुढे ओढून द्या, असं मी पाच वर्षं म्हणत होते. दर दसऱ्याला म्हणत होते. आता तेच संगणकावर टाईप होऊन, क्रमांक पडून, खाली सही होऊन आलं होतं. मी एवढंच विचारलं, "यात 'माहिती देणारे' हे सदर कुठे आहे?"

ह्यांना कळायला वेळ लागला नाही. हुशार माणूस आहे. फ्रीज त्याच दुपारी पुढे आला.

आपलं घर काय, कारखाना काय, बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन कधी येतं हे मी बघत आले आहे. रोजच्या माणसानं सांगितलं तर ती कटकट, बाहेरच्यानं पैसे घेऊन सांगितलं तर तो सल्ला. आमच्या सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा' लिहिलं तेव्हा त्यांनी केलं काय? घरोघरच्या बायकांना जे हातानं येत होतं तेच वाटी-चमच्याच्या मापात मांडलं. "अंदाजानं घाल" म्हणणाऱ्या आत्यांवर, मावश्यांवर ज्यांचा इलाज चालत नव्हता, त्या नव्या सुनांना एकदम माप मिळालं. ह्यांनी आमच्या घरातली जीर्ण 'रुचिरा' चाळून पाहिली आणि म्हणाले, "ही बाई खरी ऑडिटर." मला ते पटलं. पण आधीच्या त्या सगळ्या आत्या-मावश्यांचं काय, हेही मनात आलंच.

माझ्याकडेही सल्ला मागायला येणारे काही कमी नाहीत. शाळेतल्या मुलींच्या आया संध्याकाळी फोन करतात. मुलीला निबंध लिहिता येत नाही, मुलीचं गणिताकडे लक्ष नाही, मुलीला पुढे शिकवायचं की लग्नाचं बघायचं. या शेवटच्या फोनला मी चपात्या करायच्या थांबवते. एकदा तासभर बोलल्यावर ती मुलगी अकरावीला गेली. त्याचं बिल कुणाला पाठवणार? २०१९ साली सरकारनं देशभर पाहणी केली, दिवसाचा वेळ कोण कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषांची ९७. आणि ही ९७ मिनिटंसुद्धा जे काही करतात अशा पुरुषांची; शंभरातले जेमतेम सव्वीस पुरुष त्या दिवशी घरकामाला हात लावत होते. पेपरात आलेले हे आकडे मी कापून फ्रीजवर लावले. ह्यांनी वाचले. आकड्यांवर ह्यांचा विश्वास आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

गेल्या वर्षी मात्र प्रसंग खरोखरीचा आला. ह्यांना चाकणच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. कायमची नोकरी, चांगला पगार, पुण्याजवळ घर घ्यायला कर्जाची सोय. त्या वेळी आमची दोन बिलं सात महिने अडकली होती. घराचा रोजचा खर्च माझ्या अर्ध्या पगारावर आणि शिल्लकीवर चालला होता. धाकटीच्या शाळेची फी भरायची होती. सासूबाईंचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं. ह्यांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "तुझा सल्ला काय?"

लग्नाला चौदा वर्षं झाली, हा शब्द ह्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला. पटकन 'हो' म्हणावंसं वाटत होतं. पहिल्या तारखेची मला किती ओढ होती हे माझं मला माहीत. पण मी म्हटलं, "तुम्ही गिरणीत गेलात की माहिती गोळा करायला आठ दिवस मागता. मलाही आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत मी रोज रात्री वही घेऊन बसले. तीन वर्षांची सगळी बिलं काढली. कुठलं बिल कधी दिलं, पैसे कधी आले, ते एकाखाली एक लिहिलं. चित्र स्पष्ट झालं. वर्षाची बेरीज वाईट नव्हती, पगाराइतकीच जवळजवळ होती. वाईट होते ते मधले महिने. आणि सगळा उशीर दोनच ठिकाणांहून येत होता, बाकीचे लोक महिन्या-दोन महिन्यांत पैसे देत होते. दुसऱ्या पानावर चाकणचा हिशेब मांडला : भाडं किंवा हप्ता, नव्या शाळांचे प्रवेश, माझी जाणारी नोकरी. ती अर्धवेळ असली तरी बारा वर्षं टिकवलेली आहे.

मग मी सासूबाईंकडे गेले. त्यांना या बाबतीत कुणी काही विचारलंच नव्हतं. सासऱ्यांचे चार यंत्रमाग होते, मंदीत ते बंद पडले, हे मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. त्या म्हणाल्या, "पैसा उशिरा येतो त्याचं मला कधी काही वाटलं नाही. कधी येणार आणि किती येणार ते मला कुणी सांगायचं नाही, त्याची भीती वाटायची. किराणावाल्यापुढे उभं राहून मी अंदाजानं बोलायची." आणि थोड्या वेळानं, "त्याला जायचं असेल तर जाऊ दे. पण तुझी शाळा तू सोडू नकोस." हे वाक्य त्यांच्याकडून येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. मी ते वहीत लिहून घेतलं आणि 'माहिती देणारे' म्हणून पुढे त्यांचं नाव लिहिलं.

नवव्या दिवशी मी ह्यांना माझा अहवाल दिला. दीड पान, मराठीत, स्वच्छ अक्षरात. नोकरी घेऊ नये असं लिहिलं, पण धंदाही आहे तसा चालवू नये. काम हाती घेतानाच एक तृतीयांश रक्कम आधी घ्यावी. त्या दोन उशीर करणाऱ्यांचं जुनं येणं आल्याशिवाय नवं काम धरू नये, मग कितीही गोड बोलोत. फीची वही पुढच्या खोलीत न राहता स्वयंपाकघरात राहील. आणि सहकारी सूतगिरण्यांच्या संचालक मंडळासाठी अहवालाचा जो मराठी गोषवारा लागतो, तो इतकी वर्षं मी लिहीत आले आहे. 'लीकेज लॉस' चं 'फुकट जाणारी हवा' मी केलं, म्हणून त्या मंडळाला ते कळलं. त्याचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लावावेत. ह्यांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "दोन हजार." हे जरा विचारात पडले. गिरणीचे लोक काय म्हणतील, वगैरे. पहिल्याच बिलावर ती ओळ गेली आणि कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटतं, तीन हजार मागितले असते तरी चाललं असतं.

एक तृतीयांश आधी मागितल्यावर एक काम हातचं गेलं. तो महिना जड गेला, खोटं कशाला सांगू. त्या दोन अडकलेल्या बिलांपैकी एकाचे पैसे आले, दुसऱ्याचे अजून यायचे आहेत. सासूबाई आता देवळात 'सल्लागार आहे' असं सांगतात. "म्हणजे काय हो?" असं कुणी विचारलं की "ते सूनबाईला विचारा" म्हणतात.

आणि टेबल. ते अहवालातलं शेवटचं कलम होतं. दुपारी दोन ते चार टेबल माझं, दार बंद करायचा हक्क माझा. मी मुक्त विद्यापीठातून एम. ए. ला नाव घातलं आहे. पहिले काही दिवस हे दार ढकलून आत यायचे, चार्जर घ्यायला, चष्मा घ्यायला, आणि मला बघून "अगं हो" म्हणून परत जायचे. आता दारावर टकटक करतात. मुलं मात्र अजून बाहेरूनच ओरडतात, आई, बिस्किटं कुठे आहेत!

परीक्षेच्या तारखा परवाच लागल्या. नेमका त्याच आठवड्यात ह्यांचा सोलापूरकडचा दौरा ठरलेला आहे, आगाऊ पैसेही आलेले आहेत, आणि सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी तोच मंगळवार दिला आहे. ह्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिन्ही तारखांना लाल गोल केले आहेत. दोन दिवस झाले, आम्ही दोघंही येता-जाता त्या गोलांकडे बघतो आहोत. उद्या रविवार आहे, तेव्हा बसू म्हणालेत.